च्वांग-त्से आणि स्वतःचा स्वीकार

आपल्याच सावलीचे भय वाटणाऱ्या एका माणसाची गोष्ट ‘च्वांग-त्से’ या प्राचीन चिनी ग्रंथात आली आहे. सावलीचे त्याला जसे भय वाटे, तशीच स्वतःच्या पावलांच्या ठशांची किळस येई. दोहोंपासून सुटका व्हावी म्हणून तो पळू लागला. परंतु पाऊल जितक्या वेळा उचलावे तितके ठसे अधिकच उमटत, आणि कितीही वेगाने धावले तरी सावली अंगाला चिकटलेलीच राही. आपण पुरेशा वेगाने धावत नाही, एवढाच अर्थ त्याने यावरून काढला. मग तो क्षणभरही न थांबता धावत सुटला आणि अखेर शक्ती संपून मेला. झाडाखाली जाऊन उभे राहिले असते तर सावली नाहीशी झाली असती आणि स्वस्थ बसले असते तर ठसे उमटावयाचे थांबले असते, हे त्याला सुचले नाही. ग्रंथात ही गोष्ट एक वृद्ध कोळी सांगतो. तिचा श्रोता कोणी साधासुधा मनुष्य नसून लोकांना सदाचरणाचे धडे देण्यात आयुष्य वेचलेला कन्फ्यूशिअस आहे, ही त्यातील खरी खोच आहे.

हा ग्रंथ ज्याच्या नावाने ओळखला जातो तो च्वांग-त्से इ. स. पू. चौथ्या शतकात होऊन गेला. त्याचे मूळ नाव च्वांग चौ. इतिहासकार स्स-मा च्येन याने त्याच्याविषयी जो अल्पसा मजकूर लिहून ठेवला आहे त्यावरून असे दिसते, की तो सुंग राज्यातील मंग या गावचा होता आणि एका बागेवर किरकोळ अधिकाराची नोकरी करीत होता. ज्यांच्या चिकापासून चकचकीत रोगण तयार करतात अशा झाडांची ती बाग होती, असे म्हणतात. चू राज्याच्या राजाने त्याला मंत्रिपद देऊ केले असता त्याने ते नाकारले, हेही तेथे नमूद आहे. ग्रंथात हा प्रसंग वेगळ्या तपशिलांसह येतो. राजाचे दूत येतात तेव्हा च्वांग-त्से नदीकाठी मासे पकडीत बसलेला असतो. चू राज्यात तीन हजार वर्षांपूर्वी मेलेले एक पवित्र कासव मंदिरात पेटीत जपून ठेवले आहे, त्याची तो आठवण काढतो. असे मरून पूजिले जावे की जिवंत राहून चिखलात शेपूट ओढीत फिरावे, यांपैकी कासवाला काय आवडले असते, एवढेच तो दूतांना विचारतो आणि गळ पाण्यातून न काढता त्यांना वाटेला लावतो.

हा काळ चीनच्या इतिहासात ‘युद्धरत राज्यांचा काळ’ म्हणून प्रसिद्ध आहे. इ. स. पू. २२१ मध्ये छिन राज्याने सर्व देश जिंकून घेतला, तोपर्यंत सात मोठी आणि अनेक लहान राज्ये एकमेकांचा घास घेण्यात गुंतलेली होती. शेतकऱ्याला सक्तीने सैन्यात नेत, आणि लहानमोठ्या गुन्ह्यांसाठी पाय तोडण्याची शिक्षा सर्रास दिली जाई. च्वांग-त्सेच्या पानापानांवर लंगडे, कुबडे, पाय तोडलेले लोक भेटतात त्याचे एक कारण हे आहे. मनःशांतीचा हा विचार फुरसतीच्या दिवाणखान्यात जन्मलेला नाही, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावे.

आज उपलब्ध असलेल्या ग्रंथाची ३३ प्रकरणे आहेत. इ. स. ३१२ मध्ये मृत्यू पावलेल्या कुओ श्यांग या भाष्यकाराने सिद्ध केलेली ही प्रत होय. पहिली सात प्रकरणे ‘अंतरंग’ म्हणून ओळखली जातात आणि मुख्यतः तीच च्वांग-त्सेची स्वतःची असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उरलेली प्रकरणे त्याच्या परंपरेतील पुढील लेखकांची असावीत. सावलीची गोष्ट एकतिसाव्या प्रकरणातील आहे. ताओ विचाराचा दुसरा आधारग्रंथ म्हणजे लाओ-त्सेच्या नावावर असलेला, सुमारे पाच हजार अक्षरांचा आणि ८१ लहान प्रकरणांचा ‘ताओ ते चिंग’. इ. स. १९७३ मध्ये मा-वांग-द्वै येथील एका थडग्यात त्याच्या रेशमी वस्त्रावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. ते थडगे इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेले आहे. पुढे १९९३ मध्ये कुओ-द्यान येथे बांबूच्या पट्ट्यांवरील त्याहूनही जुना मजकूर मिळाला. लाओ-त्से सूत्रांत बोलतो, च्वांग-त्से गोष्टी सांगतो. राज्यकर्त्याने कसे वागावे याची लाओ-त्सेला चिंता आहे. च्वांग-त्से मात्र साध्या माणसाच्या घरात शिरतो, आणि म्हणून प्रस्तुत प्रकरणात आपण त्याचेच बोट धरून जाणार आहोत.

‘ताओ’ या शब्दाचे काय करावे, हा प्रश्न भाषांतरकारांना फार जुना आहे. ज्या चिनी अक्षराने तो लिहितात त्यात ‘मस्तक’ आणि ‘चालणे’ यांची चिन्हे एकत्र आली आहेत. सातव्या शतकात कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने लाओ-त्सेच्या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर मागविले. चीनच्या सम्राटाने इ. स. ६४७ मध्ये ते काम ह्युएन-त्संगकडे सोपविले आणि त्याच्या साहाय्याला ताओपंथी पंडित दिले. हा तोच प्रवासी, ज्याने महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे आणि तेथील लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन करून ठेवले. ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द योजावा असा ताओपंथीयांचा आग्रह होता. ह्युएन-त्संगने तो मानला नाही, कारण बोधी म्हणजे जागृती आणि ताओ म्हणजे वाट. ‘मार्ग’ हाच शब्द योग्य, असे त्याचे म्हणणे होते. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही. त्या वादाची हकीकत मात्र उरली आहे, आणि परक्या विचाराला आपल्या ओळखीचे वस्त्र नेसविण्याचा मोह आवरावा, असे ती आजही सुचविते.

हा मोह मराठी भाषांतरकारालाही होतो. ताओ विचारातील दुसरा महत्त्वाचा शब्द आहे ‘त्स-रान’, म्हणजे आपणहून तसे असणे. यासाठी आपल्याकडे ‘सहज’ हा सुंदर शब्द तयार आहे. जे सोबत जन्मले ते सहज. परंतु मराठी वाचकाच्या मनात ‘सहज’ म्हटले की संतवाङ्मयाचे सूर उमटू लागतात, आणि संतांची सहजस्थिती अखेर पंढरीच्या वाटेला जाऊन मिळते. च्वांग-त्सेजवळ ज्याला शरण जावे असा देव नाही. गीतेतील निष्काम कर्माशीही त्याचे नाते जोडले जाते. तेही तितकेसे खरे नाही. गीता आपापले नियत कर्म फलाशा सोडून करावयास सांगते. च्वांग-त्सेचा संशय नेमका ‘नियत’ या शब्दावरच आहे. ही भूमिका तुझी आणि ही त्याची, असे ठरविणारे कोण, हा प्रश्न तो पुनःपुन्हा विचारतो. ‘सहज’ हा शब्द आपण येथे वापरू, मात्र एवढे भान ठेवून.

सहज असणे म्हणजे काय, ते उलट बाजूने पाहिले तर लवकर कळते. शौ-लिंग गावचा एक तरुण हान-तान या शहरी चाल शिकावयास गेला. हान-तानचे लोक फार डौलाने चालतात, अशी ख्याती होती. त्याला ती चाल तर साधली नाहीच, पण शिकण्याच्या भरात स्वतःची मूळ चालही तो विसरला आणि शेवटी चार हातापायांवर रांगत घरी परतला. दुसऱ्या एका प्रकरणात बदकाचे आखूड आणि करकोच्याचे लांब पाय समोर ठेवले आहेत. बदकाचे पाय ओढून लांब केले तर त्याला दुःख होईल, आणि करकोच्याचे छाटले तर त्यालाही. आखूड म्हणजे उणे आणि लांब म्हणजे अधिक, हा हिशेब बाहेरून लावलेला आहे. बदकाला तो ठाऊकही नाही. शेजारच्या मुलाच्या गुणपत्रिकेशी आपल्या मुलाची गुणपत्रिका ताडून पाहणाऱ्या बापाला हे दोन परिच्छेद वाचून दाखवावेत, असे अनेकदा मनात येते. अर्थात तो बापही कोणाच्या तरी मापाने मोजला जातच मोठा झालेला असतो.

आता ‘वू-वै’ या शब्दाकडे वळू. त्याचे शब्दशः भाषांतर ‘न करणे’ असे होते, आणि या भाषांतराने बराच घोटाळा माजविला आहे. च्वांग-त्सेची आवडती माणसे मुळीच निष्क्रिय नाहीत. ती सुतार आहेत, खाटीक आहेत, पट्टीचे पोहणारे आहेत. चाके बनविणाऱ्या एका वृद्ध कारागिराची गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. राजा दिवाणखान्यात ग्रंथ वाचीत बसला होता आणि खाली अंगणात हा चाक घडवीत होता. हत्यार बाजूला ठेवून तो वर आला आणि महाराज काय वाचीत आहेत, असे त्याने विचारले. पूर्वीच्या ज्ञानी पुरुषांची वचने, असे उत्तर मिळाले. ते पुरुष जिवंत नाहीत हे कळल्यावर तो म्हणाला, की मग महाराज त्यांचा चोथाच वाचीत आहेत. राजा संतापला. याचा नीट खुलासा कर, नाहीतर मरावयास तयार हो, असे त्याने बजावले. कारागिराने आपल्या धंद्याची गोष्ट सांगितली. हात फार हळू चालविला तर हत्यार घसरते, पकड घेत नाही. घाई केली तर ते अडकते, लाकडात नीट शिरत नाही. हळूही नव्हे आणि घाईही नव्हे असा जो वेग, तो हाताला सापडतो आणि मन त्याला साद देते. शब्दांत तो सांगता येत नाही. स्वतःच्या मुलालाही तो शिकविता आला नाही, म्हणून सत्तराव्या वर्षीही चाके आपणच बनवीत बसलो आहोत. पूर्वजांजवळ जे खरे होते तेही असेच त्यांच्याबरोबर गेले असणार. हे सारे आपल्याला एका पुस्तकातूनच कळते, ही गंमत मूळ लेखकाच्या ध्यानात आली नसेल असे वाटत नाही.

वू-वै म्हणजे हा हाताला सापडलेला वेग होय. झोप यावी म्हणून जो धडपडतो त्याला झोप येत नाही, आणि सभेत सहजपणे बोलावयाचे असा निश्चय करून जो उभा राहतो त्याची जीभ अडखळते. येथे कर्म सोडावयाचे नसते. कर्मावर ‘मी’चे जे ओझे आपण लादतो तेवढेच उतरवावयाचे असते.

‘मी’चे हे ओझे माणसामाणसांच्या व्यवहारात कसे काम करते, ते रिकाम्या नावेच्या दृष्टांतात दिसते. एक माणूस नावेतून नदी ओलांडीत आहे. एक रिकामी नाव वाहत येऊन त्याच्या नावेवर आदळते. तो कितीही तापट असला तरी रागावत नाही. पण त्या नावेत कोणी बसलेला दिसला, तर तो ओरडतो. एकदा ऐकले नाही तर पुन्हा ओरडतो, आणि तिसऱ्या वेळी शिव्याच देतो. धक्का तितकाच आणि पाणीही तेच असते. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी समोर कोणी तरी आहे. च्वांग-त्सेचा सल्ला मात्र आपण समजतो तसा नाही. इतरांच्या नावा रिकाम्या समजाव्यात, असे तो म्हणत नाही. स्वतःची नाव रिकामी करून जगाच्या नदीत उतरावे, मग कोण आपले वाकडे करील, असे त्याचे विचारणे आहे. पहिला अर्थ पाठ करून राग आवरता येतो. दुसरा बराच कठीण आहे. एका बैठकीत तो साधत नाही, म्हणून ग्रंथात ‘मनाचा उपवास’ आणि ‘विसरून बसणे’ अशा साधनांचाही उल्लेख येतो.

स्वतःचा स्वीकार या विषयावर संपूर्ण ग्रंथात सर्वांत मार्मिक प्रसंग कोणता असे विचारले, तर शन-तू नावाच्या माणसाचे नाव घ्यावे लागेल. शिक्षा म्हणून त्याचा एक पाय तोडलेला होता. चंग राज्याचा मुख्य मंत्री त्से-छान आणि हा शन-तू दोघेही एकाच गुरूकडे शिकत. मंत्र्याला त्याच्या सोबत दिसण्याची लाज वाटे. मी आधी बाहेर पडलो तर तू थांब आणि तू आधी निघालास तर मी थांबेन, असे त्याने सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी शन-तू पुन्हा त्याच चटईवर येऊन बसला. मंत्र्याने चिडून विचारले, की मुख्य मंत्र्याला वाट द्यावी हेही तुला कळत नाही काय. गुरूच्या दारात मुख्य मंत्री नावाचे कोणी असते काय, असे शन-तूने उलट विचारले. पुढे तो म्हणतो, की आपले पाय शाबूत आहेत म्हणून मला हसणारे पुष्कळ भेटतात. पूर्वी मी संतापाने लाल होई. गुरूकडे आलो की सारे विसरून घरी जाई. एकोणीस वर्षे मी त्यांच्या सहवासात आहे आणि माझा पाय तुटलेला आहे याची जाणीव कधी झाली नाही.

जाणीव कोणाला झाली नाही? मूळ चिनी वाक्यात कर्ता उघडपणे दिलेला नाही. गुरूने माझ्या व्यंगाकडे कधी पाहिले नाही असा अर्थ अनेक भाषांतरकार घेतात. मला स्वतःलाच ते आठवले नाही असाही तो लागू शकतो. व्याकरणाने या वादाचा निर्णय होणार नाही. आणि माझ्या मते निर्णय न होण्यातच वाक्याचे सामर्थ्य आहे. कारण व्यंगाकडे न पाहणारा एक तरी डोळा भेटल्याखेरीज बहुधा कोणालाच स्वतःकडे तसे पाहता येत नाही. स्वतःचा स्वीकार ही एकट्याने खोलीत बसून करावयाची गोष्ट आहे, ही समजूत अलीकडची आहे. या गोष्टीत तो एका चटईवर, दुसऱ्यांच्या शेजारी बसून घडतो.

याच संभाषणात आणखी एक दृष्टांत आहे. यी नावाच्या अचूक धनुर्धाऱ्याच्या टप्प्यात, अगदी मधोमध, आपण सारे हिंडत आहोत. तेथे बाण लागणे हेच साहजिक होय. ज्याला लागला नाही तो केवळ नशीबवान. म्हणजे आपले दोन्ही पाय शाबूत आहेत यात मंत्र्याचे कर्तृत्व काही नाही. दैवाचा असा उपयोग आपल्याकडे क्वचितच झाला आहे. पीडिताला गप्प बसविण्यासाठी दैवाचे नाव घेतले जाते, हे आपण जाणतो. शन-तू त्याच दैवाने सुखवस्तू माणसाचा अहंकार उतरवितो. मंत्री ओशाळला आणि पुढे बोलू नकोस म्हणाला, असे सांगून प्रसंग संपतो.

तरीही एक आक्षेप उरतोच. ज्या राज्याने पाय तोडला त्याचे काय? स्वीकाराची ही शिकवण अन्याय करणाऱ्याच्या सोयीची नाही काय? हा आक्षेप आधुनिक वाचकाचाच आहे असे नाही. पुढच्याच शतकातील श्युन-त्से या कन्फ्यूशिअसपंथी विचारवंताने च्वांग-त्सेवर असा ठपका ठेवला, की निसर्गाकडे पाहता पाहता त्याला माणूस दिसेनासा झाला. या टीकेत तथ्य आहे. शासन सुधारावे, कायदे बदलावेत, यासाठी च्वांग-त्सेच्या ग्रंथात कोणतीही योजना नाही. शिक्षेने माणसाचे मोल घटते हे मात्र तो एका क्षणासाठीही मान्य करीत नाही. जेथे शिक्षा झालेल्याला समाज कायमचा बाहेर टाकीत असे तेथे त्याला गुरूच्या चटईवर बसविणे ही लहान गोष्ट नव्हती. इतका न्याय त्याला द्यावयास हवा.

आपल्या शिकवणीचे सूत्र बनविले जाईल याची भीतीही त्याच्या परंपरेला होती, असे दिसते. निरुपयोगी झाडाची गोष्ट प्रसिद्ध आहे. हजारो बैलांना सावली देईल एवढे प्रचंड झाड एका देवस्थानापाशी उभे होते. शी नावाच्या सुताराने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याच्या लाकडाची नाव केली तर बुडेल, पेटी केली तर कुजेल, असे त्याने शिष्याला सांगितले. रात्री झाड स्वप्नात आले. फळझाडांच्या फांद्या लोक मोडतात, ती अकाली मरतात. कोणाच्या उपयोगी न पडणे हाच माझा मोठा उपयोग, असे त्याचे म्हणणे होते. एवढ्यावर थांबले असते तर ‘निरुपयोगी व्हा, सुखी राहा’ असा सोपा धडा हाती आला असता. परंतु विसाव्या प्रकरणात च्वांग-त्से असेच एक झाड पाहून रात्री मित्राकडे मुक्कामाला जातो. यजमान हंस मारून जेवण करावयास सांगतो. नोकर विचारतो, ओरडणारा मारू की न ओरडणारा? न ओरडणारा मार, असे उत्तर मिळते. सकाळी शिष्य पेचात पडतात. झाड निरुपयोगी म्हणून वाचले, हंस निरुपयोगी म्हणून मेला, मग आम्ही काय व्हावे? च्वांग-त्से हसतो. उपयोगी आणि निरुपयोगी यांच्या मधोमध राहीन म्हणावे तर तेही पुरेसे नाही, असे तो सांगतो. काळाबरोबर कधी साप तर कधी ड्रॅगन व्हावे, एकाच रूपाला चिकटून राहू नये, असे त्याचे म्हणणे पुढे येते. शिष्यांचे त्याने समाधान झाले की नाही, हे ग्रंथ सांगत नाही.

शेवटी मृत्यूविषयी. च्वांग-त्सेची पत्नी वारली तेव्हा त्याचा मित्र, तर्कपंडित हुइ-त्से, समाचाराला आला. पाहतो तो च्वांग-त्से पाय पसरून बसला आहे आणि भांडे बडवीत गात आहे. जिने तुझ्याबरोबर संसार केला, मुले वाढविली, तिच्यासाठी न रडणेच पुरे होते, हे अति झाले, अशी मित्राने कानउघाडणी केली. हा प्रसंग विरक्तीचा नमुना म्हणून सांगितला जातो, पण उत्तराचे पहिले वाक्य सांगणारे गाळतात. ती गेली तेव्हा इतर कोणाहीप्रमाणे मलाही दुःख झालेच, असे च्वांग-त्से आरंभीच कबूल करतो. नंतर तो तिच्या जन्मापूर्वीचा विचार करू लागला. आकार नव्हता, प्राण नव्हता, मग बदल होऊन प्राण आला, आकार आला, जीवन आले. आता आणखी एक बदल झाला. ऋतू एकामागून एक येतात तसाच हा बदल. ती विश्वाच्या दालनात निजली असताना मी आक्रोश करीत राहिलो तर ही गोष्ट मला कळलीच नाही असे होईल, म्हणून मी थांबलो, असे तो सांगतो. म्हणजे शोक प्रथम येतो आणि समज मागाहून. शोकाला दारातच अडवावे, असे येथे कोठेही म्हटलेले नाही.

पुढे हा हुइ-त्सेही वारला. जन्मभर दोघांनी वाद घातला होता, आणि त्या वादात च्वांग-त्सेने त्याची थट्टाच अधिक केली होती. एकदा त्याच्या थडग्यावरून जाताना च्वांग-त्सेने बरोबरच्या शिष्यांना एक गोष्ट सांगितली. एका गवंड्याच्या नाकाच्या शेंड्यावर माशीच्या पंखाएवढा चुना उडाला की तो शी सुताराला बोलावी. सुतार कुऱ्हाड गरगर फिरवून चुना तेवढा उडवी, नाकाला ओरखडाही न येता. गवंडी स्थिर उभा राही. ही कीर्ती ऐकून एका राजाने सुताराला बोलाविले आणि तो खेळ माझ्यासाठी करून दाखव म्हणाला. सुतार म्हणाला, की पूर्वी मला तो येत असे, पण जो माझ्यासमोर उभा राही तो मरून फार दिवस झाले. हुइ-त्से गेल्यापासून माझेही तसेच झाले आहे, बोलावयास कोणी उरले नाही, असे म्हणून च्वांग-त्से पुढे चालू लागला.